आठ गोळ्या, नऊ भोकं

१

आठ गोळ्या मारल्या तर कागदाला भोकं किती पडतील? पहिलीतलं पोरगं सांगेल. मी सांगितलं नऊ, तर मुरबाडपासून शहापूरपर्यंत एकानेही मानलं नाही. फौजदार हसला. वकील म्हणाला, "सकुबाई, हे कागदावर आणू नका, लोक बाकीचंही खोटं धरतील." माझी सख्खी बहीण मालू, ती म्हणाली, "गो, आदी डोळे तपासून घे."

माझे डोळे! वीस वर्षं भाताची गिरणी चालवते मी. पाटीभर तांदळातला एक खडा उभ्याउभ्या दिसतो मला. शिकले चौथीपर्यंत, पण नवापर्यंत मोजायला तेवढं पुरतं.

तर जे झालं ते सांगते. मानायचं त्याने मानावं.

आमची गिरणी मुरबाडहून टोकावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नवरा कमळाकर. माणूस उंच, कमी बोलणारा. तरुणपणी म्हशीने डाव्या पायाला मारलं होतं, तेव्हापासून उभा राहिला की डावं पाऊल आडवं टाकायचा. अंधारात नुसते पाय दिसले तरी मी ओळखायची.

१९९९च्या वैशाखात डोळखांबच्या वरच्या रानात डुकराच्या शिकारीत तो गेला. शिकारीला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि शिकार होते हेही सगळ्यांना ठाऊक. एका बाजूने ढोल बडवत, ओरडत माणसं रान उठवत येतात, त्याला हाका म्हणायचं. दुसऱ्या बाजूला बंदूकवाला दबा धरून बसतो. कमळाकरकडे बंदूक नव्हती, नुसता कोयता. ओहोळाकाठी डुकरं चिखलात लोळतात त्या जागेजवळ तो उभा होता. गोळी छातीत डाव्या बाजूला लागली. घरी आणला तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. मीच धुतले. छातीवरचं भोकही मीच पुसलं. माझं बोट आत जाईल एवढं.

बंदूक एकच होती, ठासणीची. पिकाची डुकरं हाकायला म्हणून तिचा परवाना माझ्या दिराच्या नावावर, भगीरथच्या. पण मारायचा मंगळू. डोळखांबकडच्या पाड्यावरचा ठाकर. त्याच्यासारखा नेम त्या पट्ट्यात कुणाचा नव्हता. म्हणून दर वर्षी परवाना दिराचा आणि बंदूक मंगळूच्या खांद्यावर. अख्ख्या गावाने ती तिथेच बघितलेली.

कोर्टात मला विचारलं, बंदूक कुणाकडे होती? मी सांगितलं, मंगळूकडे. गावातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. मंगळूला दहा वर्षांची सजा लागली.

त्याची बायको सोमी गिरणीवर आली होती. "बाय, त्यो हाक्यात व्हता. ढोल त्याचे गल्यात व्हता." मी तिला पायरीवरून हाकलली. भरलेलं सूप फेकून मारलं होतं तिच्या अंगावर. ती खाली बसून तांदूळ वेचायला लागली, माझेच. सुपात भरून पायरीवर ठेवले आणि गेली.

२

पिस्तूल मी घेतलं २००३ साली.

तेव्हा आमच्याकडे जमिनी घेणाऱ्यांच्या गाड्या फिरायला लागल्या होत्या. बाईमाणूस एकटी, रस्त्याला लागून चार एकर, सोबत गिरणी. पहिल्यांदा गोड बोलले. मग कुंपणाच्या तारा कापल्या. मग कुत्रा मेला. मी तक्रार दिली तेव्हा हवालदार म्हणाला, "बाई, परवान्याला अर्ज टाका." तो मस्करीत म्हणाला असेल. मी टाकला.

सगळी धावपळ भगीरथने केली. खोटं कशाला बोलू, दीर असावा तर असा, असं मी चार गावांत सांगायची. कमळाकर गेल्यावर गिरणीचा पट्टा तुटला तर तो, भात भरायला माणसं नाहीत तर तो. परवान्यासाठी ठाण्याच्या कचेरीत त्याने माझ्यासोबत किती खेटे घातले त्याचा हिशोब नाही. त्याच्या बंदुकीचा परवाना त्या प्रकरणात रद्द झालेला. तरी कधी कुरकुर नाही.

"वहिनी, बाहेरचं पिस्तूल आपल्याला झेपायचं नाय," तो म्हणाला. "पण सरकारी कारखान्याचं नवीन आलंय. बत्तीस बोअर. स्वस्त हाय आन् चांगलं हाय."

दोन म्हशी विकल्या आणि घेतलं.

दुकानदाराने काचेवर हिरवं फडकं पसरलं, त्यावर ते ठेवलं. मी बघतच राहिले. दागिन्याच्या दुकानातही मी अशी बघत राहिले नव्हते. काळंभोर, ओल्या पाट्यासारखं चमकणारं. कुठे एक कड उगाच नाही, एक खाच उगाच नाही. हातात घेतलं तर वजन असं, की नवा वरवंटा. फार जड नाही, पण 'मी आहे' म्हणून सांगणारं. वरचा भाग मागे ओढला आणि सोडला. खट्ट! माझ्या गिरणीच्या यंत्रातून वीस वर्षांत असा स्वच्छ आवाज कधी आला नाही.

"आठ गोळ्या बसतात," दुकानदार म्हणाला. मला सोडून तो भगीरथकडे बघत होता. "साहेबांना ग्रिप दाखवू?"

"मला दाखव," मी म्हटलं. "साहेब जीप चालवतात."

भगीरथ खो खो हसला. मनाने मोकळा माणूस. मला तेव्हा तसंच वाटायचं.

३

शहापूरच्या पुढे, खर्डीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या खदानीत नेमबाजीची रेंज होती. फौजेतून आलेले एक सुभेदार ती सांभाळायचे. रविवारी सकाळी उघडायचे ते दिवस मावळेपर्यंत. आम्ही किन्हवलीवरून जीपने जायचो. गिरणीला दुपारनंतर सुट्टी द्यायची मी.

रेंज म्हणजे काय, तर तीन बाजूंनी कापलेला काळा दगड आणि त्याच्या पायाशी मातीच्या पोत्यांची भिंत. पोत्यांपुढे लाकडी चौकट. चौकटीला पुढून कागद, त्यावर गोल. कागदामागे हातभर अंतरावर एक प्लायची फळी टांगलेली. चौकट छातीच्या उंचीला, खाली मोकळं. इकडे पंचवीस पावलांवर पत्र्याची शेड, मारणाऱ्यासाठी टेबल, आणि मागे बघणाऱ्यांसाठी बाक.

सुभेदार माणूस कडक. मला बघून मिशी हलली नाही त्यांची. "बाई, बोट चापावर शेवटी. श्वास अर्धा सोडायचा. गोळी मारायची नाही, सुटू द्यायची." असं शिकवणारा मास्तर मला शाळेत मिळाला असता तर मी सातवी केली असती.

पहिल्या चार गोळ्या कागदाच्या कडेला. पाचवी गोलात. सातवी जवळजवळ मधोमध. मला आतून असा आनंद झाला की काय सांगू. आठवी सुटली.

मागे भगीरथने डोक्यावरून हात फिरवला, माशी वारावी तसा, आणि वर पत्र्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"भुंगा गेला वाटतं डोक्यावरनं."

सुभेदारांनी कागद काढून आणला. मी मोजलं. माझी सवयच आहे, पोती मोजायची, माणसं मोजायची. नऊ.

"कुणाचं तरी जुनं असेल," सुभेदार म्हणाले.

"कागद माझ्यासमोर नवा लावला तुमी."

"मग एका जागी दोन गोळ्या गेल्या असतील."

"तसं असतं तर सात दिसली असती. नऊ कशी?"

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. मग स्वतः मोजलं. "हां," एवढंच म्हणाले. कागद घडी करून मला दिला.

नववं भोक उजव्या अंगाला होतं. बाकीच्या आठांपासून लांब, एकटं.

४

दुसऱ्या रविवारी कागद मी घरून घेऊन गेले. उजेडाला धरून बघितला, कोरा होता. लावलाही मीच.

आठ मारल्या. सगळ्या गोलात. सुभेदार मनातून खूश झाले, ते कळलं मला. त्यांनी चहा टाकायला सांगितला, तेच त्यांचं शाबास. आठव्या गोळीला मागे भगीरथने पुन्हा हात हलवला. "च्यायला, इथं पोळं हाय काय?"

कागद आणायला मी गेले. नऊ. नववं त्याच जागी.

मी जवळून बघितलं आणि तिथेच उभी राहिले. माझ्या आठ भोकांच्या कडा मागे गेल्या होत्या. गोळी पुढून गेली तर कागद मागच्या बाजूला फाटणार, सरळ आहे. नवव्याच्या कडा माझ्याकडे होत्या. फाटलेला कागद फुलासारखा माझ्या बाजूला उमललेला. मागची फळी बघितली. माझ्या गोळ्यांची सालपटं मागे, फक्त दोन ठिकाणी पुढे, मागच्या रविवारचं एक आणि आजचं एक.

माझ्या भोकात करंगळी जात नव्हती. त्यात बोट गेलं.

आणि वास. माझ्या पिस्तुलाच्या गोळीला वास असतो तो कडक, आगकाडीसारखा. हा वेगळा होता. नासलेल्या अंड्याचा, ओल्या कोळशाचा. असा वास मी आयुष्यात एकदाच जवळून घेतला होता, कमळाकरचा सदरा उतरवताना.

सुभेदार म्हणाले, "मागे दगड आहे. कधी कधी गोळी दगडावर आपटून उलटी येते."

"पुढे पोती आहेत ना दगडाच्या?"

"पोत्यांच्या फटीतून गेली असेल."

"बरं. आपटून उलटी आली. मग माझ्या आठातली एक झाली ना ती? जाताना भोक, येताना भोक. नऊ झाली. मानलं." खरंच मानलं मी. हिशोब बसत होता. "पण गोळी आपटून फुगेल, चेपेल, वाकडी होईल. हे भोक गोल कसं? आणि मग गेली कुठे ती? शेडला नाही लागली, टेबलाला नाही."

सुभेदारांनी चहाचा कप खाली ठेवला. शेडचा एकेक पत्रा, एकेक खांब त्यांनी हाताने चाचपला. ओरखडासुद्धा नव्हता.

"वहिनी," भगीरथ म्हणाला, "तुमी फौजदार व्हायला पायजे होतं." आणि हसला. पण बाकावरून उठून जीपमध्ये जाऊन बसला.

५

हे सांगितलंच पाहिजे की मला भीती वाटत नव्हती. पिस्तूल मी रोज काढायची, पुसायची, तेल द्यायची. बायका पोथी वाचायला बसतात तशी मी बसायची. ते इतकं शहाणं यंत्र होतं! एकदाही अडकलं नाही, एकदाही चुकलं नाही. चुकली तर मी चुकायची, ते नाही. त्यामुळे माझ्या मनात आलं ते असं, की ह्यात पिस्तुलाचा दोष नाही. माझं काम आठ भोकांपर्यंत. नववं दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि जो कुणी आहे त्याचा नेम माझ्याहून चांगला आहे. दोन्ही वेळा तीच जागा. सुतभरही फरक नाही.

तिसऱ्या रविवारी मी पोती शिवायचं दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन गेले.

आठ मारल्या. मागे भगीरथने कानावर हात मारला, जोरात. तो लघवीला गेला तेव्हा सुभेदारांना म्हटलं, "कागद काढू नका. इकडे या."

दाभणात सुतळी ओवली. आधी फळीच्या भोकातून, मग कागदाच्या. मागे गाठ मारली. दोन भोकं म्हणजे दोन खुंट्या. बांध घालताना आम्ही दोन खुंट्यांना दोरी बांधतो आणि पुढे ताणतो, दोरी सांगते बांध कुठे जाणार. तशी ती ताणत मी मागे मागे आले. टेबलाच्या वर, मी उभी राहायची त्याच्या हातभर बाजूने, शेडखाली.

दोरी बाकावर आली. भगीरथचा टॉवेल ठेवलेला होता तिथे. तो बसला असता तर कानाला लागली असती.

"मागच्या दोन खेपांचे कागद आहेत का तुमच्याकडे?" सुभेदारांनी हळूच विचारलं.

कागद होते, आणि फळीवरची जुनी भोकंही होती. फळीवरची तीन भोकं एका जागी नव्हती. प्रत्येक वेळी बोटाच्या पेराएवढं वर सरकलेलं. कागदावरची जागा तीच. मागची खुंटी वर गेली की दोरीचं पुढचं टोक खाली येतं. मी तिन्ही दोऱ्या ताणल्या. पहिली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वीतभर वर. दुसरी केसांना लागून. तिसरी कानाशी.

"खाली येतेय," सुभेदार म्हणाले. त्यांनी लढाई बघितलेली होती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली.

भगीरथ येताना दिसला तशी मी सुतळी गुंडाळली.

६

तरी मी स्वतःला म्हटलं, सकू, दोरी ताणताना हात हलतो. तू बाईमाणूस, चौथी पास, खदानीत सुतळी घेऊन फिरतेस. चौथ्या रविवारी मी बाक दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. "ऊन येतं भावजी, इकडे बसा."

आठवी गोळी सुटली आणि भगीरथ ओरडला. नुसता "आय!" म्हणून. हात गळ्याकडे गेला. रक्त नाही, ओरखडा नाही. गळ्याला हात लावून तो बसला होता आणि त्याचा चेहरा तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा झाला होता.

"चावलं काय?" मी विचारलं.

"नाय. गरम लागलं."

दोरी ताणायची गरज नव्हती. तरी ताणली, तो जीपकडे गेल्यावर. दोरी बाकामागोमाग दुसऱ्या टोकाला गेली होती. गळ्याच्या उंचीवर.

घरी जाताना किन्हवलीच्या पुढे तो एकदम म्हणाला, "पुढच्या रविवारी मला जमायचं नाय. कल्याणला काम हाय."

"मग मी रिक्षाने जाईन," मी म्हटलं. "पण भावजी, मला एकटीला बरं दिसेल का?"

दुसऱ्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली आणि डोळखांबच्या गाडीत बसले. पाड्यावर चढून जायला तास लागला. सोमी अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मला बरं वाटलं ते. मी तिच्या जागी असते तर हातातलं सूप मारलं असतं.

मी म्हटलं, "ढोल दाखव."

ती आत गेली आणि घेऊन आली. कातड्याला एका बाजूला टिपरीचे मार, दुसऱ्या बाजूला हाताचे. गळ्यात घालायचा पट्टा. पट्ट्याला घामाचा काळा डाग.

"त्या दिवशी हाच?"

"हाच. रानाच्या वरल्या अंगानं वाजवीत आलं. बंदूक तुमचे दिरानं सोताच घेतली व्हती. म्हणं, ह्या साली मी मारतो, डोकं मला पायजे." पहिली गोळी ज्याची त्याला डुकराचं डोकं मिळतं, ती रीत आहे आमच्याकडे.

"मग कोर्टात कुणी बोललं का नाही?"

सोमीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पोराला अक्षर समजावावं तसं.

"समदी म्हनली, बंदूक मंगळूकडं असते. कुनी इचारलं नाय, त्या दिशी व्हती का. तुमी पन नाय इचारलं, बाय."

चार वर्षं ती हेच सांगत होती. चार वर्षं एकटी तेच वाक्य, शब्द न बदलता, न रडता. माझ्या पिस्तुलासारखी सरळ बाई. मी तिच्या पाया पडणार होते, पण मला ते जमत नाही. मी नाचणी पाखडायला बसले तिच्यासोबत. तिने दुसरं सूप आणून दिलं.

७

पाचव्या रविवारी भगीरथ आला. मला वाटलं होतं की येणार नाही.

दिवस कलला होता. ऊन खदानीच्या मागच्या कड्यावरून उतरून पोत्यांवरून थेट आमच्याकडे येत होतं. मागची फळी सुभेदारांनी त्या दिवशी काढून ठेवली होती. कागदाच्या मागे उजेड, त्यामुळे कागद दिव्याच्या काचेसारखा पेटलेला दिसत होता. भगीरथ बाकावर बसला नाही, माझ्या मागे उभा राहिला. म्हणजे त्याला कळलं होतं. बसलेल्या माणसाचा गळा म्हणजे उभ्या माणसाची छाती, हे मात्र त्याला कळलं नव्हतं.

सुभेदार टेबलापाशी होते.

सात मारल्या. इतक्या चांगल्या मी कधी मारल्या नव्हत्या. सातही एका वाटीत झाकतील अशा. सात बारीक उजेडाचे ठिपके. आणि मी हात खाली घेतला.

"एक राहिली, वहिनी," भगीरथ म्हणाला. आवाज कोरडा होता.

"भावजी, त्या दिवशी बंदूक कुणाकडे होती?"

"आता ते कशाला? मंगळूकडं."

"आणि ढोल?"

खदानीत चिडीचूप. एरवी तिथे पारवे घुमतात, तेही नव्हते.

मी पुढे बघत होते, म्हणून मला आधी दिसलं. चौकटीच्या खाली मोकळी जागा असते ते मी सांगितलं. तिथून मागची पोती दिसतात. त्या दिवशी पोत्यांच्या अलीकडे, कागदाच्या मागे, दोन पाय होते. भर वैशाखात, जिथे थेंब पाणी नाही त्या खदानीत, घोट्यापर्यंत ओल्या चिखलाने भरलेले. चिखल अजून चमकत होता. उजवं पाऊल सरळ.

डावं आडवं.

वर, पेटलेल्या कागदावर सावली होती. उंच. दोन्ही हात बाजूला, रिकामे. कागदाच्या उजव्या अंगाला, जिथे दर वेळी नववं भोक पडायचं, तिथे त्या सावलीला उजेडाचा एक ठिपका होता. बोट जाईल एवढा. सावलीतून आरपार.

माझ्या हातातलं पिस्तूल जराही थरथरलं नाही. मला अजून त्याचं नवल वाटतं.

"समोर बघा, भावजी," मी म्हटलं.

मला मागे बघायची गरज पडली नाही. गुडघे खडीवर आपटल्याचा आवाज आला. मग तो बोलायला लागला, माझ्याशी नाही. माझ्या बाजूने, त्या कागदाकडे हात जोडून.

"दादा. दादा, मला डुक्कर वाटलं. झुडूप हललं. आयची शपथ, डुक्कर वाटलं. मी बंदूक मंगळूच्या हातात दिली, तो धावत आला तवा. दादा, वहिनीला आठवी नको मारू दे."

सुभेदारांनी ते ऐकलं. शब्दन् शब्द. पाय त्यांना दिसले नाहीत, त्यांनी शपथेवर तसं सांगितलं आणि मला राग नाही त्याचा. ते खाली पडलेल्या माणसाकडे बघत होते.

मी मॅगझिन काढलं, आतली गोळीही काढली, आणि आठवी टेबलावर उभी ठेवली. पुन्हा बघितलं तेव्हा पोती होती, दगड होता, ऊन होतं. जाऊन बघितलं. माती कोरडी ठणठणीत. कागदाला सात भोकं.

८

परत येताना किन्हवलीच्या फाट्यावर भगीरथने जीप थांबवली. तोंडावर पाणी मारून आला होता, रंग परतला होता.

"वहिनी, घाबरून माणूस काय पण बोलतो. मी कोर्टात असलं काय सांगणार नाय. आन् तुमचं तरी कोण ऐकतो? नऊ भोकं म्हणं."

"कुणी नाही ऐकत," मी म्हटलं. "नका सांगू. सुभेदारांना विचारलंय मी, उद्या सोमवार असला तरी रेंज उघडतील. एक गोळी राहिलीय माझी. तुमी फक्त येऊन उभे राहा. बसा, नाहीतर मुरबाडला राहा, नाहीतर कल्याणला जा. नववी कुठवर येते ते तुमाला कळलंय."

त्याने स्टिअरिंग धरलं. चिखलाने भरलेला कमळाकर ह्याच जीपमधून आणला होता, मागच्या फळीवर. मग त्याने गाडी वळवली. मी सांगितलं नव्हतं कुठे. त्याने स्वतः पोलीस ठाण्याच्या फाटकात नेऊन उभी केली.

सोमीला मी सकाळीच निरोप धाडला होता. ती बाहेर पायरीवर बसलेली होती. मी तिला आत नेली आणि खुर्चीवर बसवली. हवालदार म्हणाला, "ही कोण?" मी म्हटलं, "हिचं आधी ऐकायचं होतं."

फौजदाराने कागद घेतले. कागदाच्या भोकांचं मी सांगायला लागले तर तो हसला, ते आधी सांगितलंच. म्हटलं, हस. ते नको लिहू. मग दुसरं लिही. लिही की सकुबाई कमळाकर, धंदा गिरणी, हिने चार वर्षांपूर्वी डोळ्यांनी न बघता मंगळूचं नाव घेतलं. तो त्या दिवशी ढोल वाजवत होता. ते नाव मी मागे घेते. लिही की बाई स्वतः सांगते, तिची चूक आहे.

त्याने लिहिलं. मग पेन थांबलं. बाहेरच्या बाकावर माझा दीर बसला होता. दर रविवारी बसायचा तसा, पाठ ताठ, एक हात गळ्याला लावून.

"मग कुणाचं नाव घालू?" फौजदाराने विचारलं.

कमळाकर लग्नात ज्याचा हात धरून मला दाखवायला घेऊन आला होता, "हा माझा धाकटा, हा तुला कधी काही कमी पडू देणार नाय" असं म्हणाला होता, ते नाव मी सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, म्हणजे चुकायला नको.

"भगीरथ."